रंग सगळ्यात शेवटी



यंदाच्या स्नेहसंमेलनात तीन-चार पालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, शाळेला रंग कधी देणार?" विश्वस्त मंडळाच्या सभेतही तोच प्रश्न निघाला होता. त्याचं उत्तर द्यायचं तर आमच्या घरच्या एका जुन्या मोटारीची गोष्ट सांगावी लागेल. माझं सगळं शिक्षण इंदूरलाच, हिंदी माध्यमात झालं. तेव्हा मधूनच एखादा हिंदी शब्द डोकावला तर सांभाळून घ्यावं.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर होते. त्यांच्याकडे १९६७ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती. मूळ हेराल्ड इंग्लंडमधल्या ट्रायम्फ कंपनीची, १९५९ साली आलेली. जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलाकाराने तिचं रूप घडवलं. १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं. दादांनी ते उघडलं की गल्लीतली मुलं जमायची आणि आम्ही ऐटीत सांगायचो, "ही स्पोर्ट्स कार आहे!" ते अगदीच खोटं नव्हतं. याच गाडीची चॅसी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली 'स्पिटफायर' ही दोन माणसांची खरी स्पोर्ट्स कार काढली.

दादा गेले आणि गाडी अंगणातल्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. वीस वर्षांत तिच्यावर मांजरी व्याल्या. भाऊ पुण्याला, मी शाळेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा आईने त्याला परत पाठवलं. पाच वर्षांपूर्वी तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "एकदा हिच्यातून महेश्वरला ने मला. मग विकायची तर विका." आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती.

बाहेर काम देण्याइतका पैसा नव्हता. महिन्याला तीन हजार रुपये, त्याहून जास्त नाही, असं घरात ठरलं. रविवारी मुलाची जुनी पँट चढवून मी कामाला लागायची. ही गाडी घरी दुरुस्त करायला सोयीची आहे. तिची चॅसी वेगळी आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांनी बोल्टांवर बसवलेली. बॉनेट उलटलं की पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. जाम झालेल्या इंजिनात प्लगच्या भोकांतून तेल सोडलं, पंधरा दिवस थांबले आणि मग हाताने फिरवून पाहिलं. ते फिरलं तेव्हा मी अंगणात एकटीच ओरडले! खोललेले नटबोल्ट दादांच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत, चिठ्ठ्या लावून ठेवले. हरवलेले सियागंजातून आणले.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग भाच्याचं लग्न ठरलं. नवरदेव आजोबांच्या गाडीतून येणार, असं भावाने सगळ्यांना सांगून टाकलं. आणि मी क्रम बदलला. साठवलेले सगळे पैसे रंगाला दिले. गंजावर लांबी भरून घेतली आणि वर स्पिटफायरसारखा लालभडक रंग. खाली काय आहे हे बघायचं राहूनच गेलं. समोरच्या चाकांच्या सांध्यांत मात्र ग्रीसगनने भरपूर ग्रीस भरलं, बाहेर येईपर्यंत. आपण गाडीची किती काळजी घेतो, असं तेव्हा मला वाटलं होतं.

लग्नाला आठ दिवस होते. खजराना गणपतीला पूजेसाठी नेण्याआधी कॉलनीतच एक फेरी मारावी म्हणून आईला शेजारी बसवलं. देवळाजवळच्या वळणावर, माणूस चालतो त्या वेगात, मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. खाडकन आवाज झाला. डावं चाक आडवं झालं आणि गाडीचं नाक रस्त्यावर टेकलं. आईचा हात डॅशबोर्डवर आपटला. हाड वाचलं, पण मनगट मुरगळून आठ दिवस बँडेज बांधावं लागलं. लग्नात सगळे विचारत होते आणि आई सांगत होती, "घसरले." माझं नाव तिने घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

ओळखीतले एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी तुटलेला तुकडा पुसून माझ्या हातात दिला. चाक पेलणाऱ्या उभ्या लोखंडी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात फिरतात, म्हणून चाक वळतं. या आट्यांना ग्रीस चालत नाही. नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल लागतं. ग्रीस घट्ट होऊन वरच अडकतं, आट्यांपर्यंत पोचत नाही. आत पाणी शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस दांडा तुटतो. तोही बहुधा पूर्ण वळणावर, जिथे जोर सगळ्यात जास्त. आमच्या हिंदी पुस्तकात वंगणाला 'स्नेहक' म्हणत. मी स्नेह भरपूर दिला होता, पण चुकीचा. मिस्त्री एवढंच म्हणाले, "मैडम, रंग तो गाड़ी सबसे आख़िर में माँगती है."

त्या रात्री मी वहीत पाच प्रश्न लिहिले. गाडी थांबेल का? वळेल का? पेट घेणार नाही ना? चालेल का? दिसेल कशी? महिन्याचे तीन हजार याच क्रमाने जातील, मधला प्रश्न ओलांडायचा नाही, असं ठरवलं.

आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच वाट, म्हणजे एक नळी गळली की सगळेच गेले. सगळी रबरं आणि नळ्या नव्या घातल्या. मग ते सांधे. स्पिटफायरचे बरेच भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने बनतात, आणि हे भाग दोन्ही गाड्यांना जवळजवळ सारखेच. दोन्ही बाजूंचा संच मागवायला पाच महिने पैसे साठवले. मग वायरिंग. वायरींचं आवरण हात लावताच तुटत होतं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण आताच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबले नाही. दोन मजबूत लोखंडी घोड्या लावल्याशिवाय पाय आत टाकला नाही. मुलांनो, हे लक्षात ठेवा.

२०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. आम्हाला तर आईला फिरवायचं होतं. म्हणून साध्याच नोंदणीचं नूतनीकरण केलं आणि गाडी फिटनेस तपासणीला नेली. तिथे रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

रंगाचं तोपर्यंत जे व्हायचं ते झालंच होतं. पहिल्याच पावसाळ्यात लांबीखालून फोड आले. ते सगळं खरवडून गंज काढला आणि प्रायमर मारला. गाडी आता अर्धी लाल, अर्धी राखाडी आहे.

आता शाळेकडे येते. गेल्या उन्हाळ्यात इमारतीला रंग देण्यापुरते पैसे जमले होते. त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या एका स्विचबोर्डातून जळका वास आला. बोर्ड उघडला तर वायरींची अवस्था मला ओळखीची वाटली. मी सभेत वही नेली आणि ते पाच प्रश्न वाचून दाखवले. विश्वस्तांनी ऐकून घेतलं, वाद घातला आणि शेवटी मान्य केलं. रंगाचे पैसे वायरिंगला आणि जिन्याच्या कठड्याला गेले. म्हणून भिंती अजून जुन्याच दिसतात. त्याची जबाबदारी माझी आहे, आणि या वेळी ती मी आनंदाने घेते.

गेल्या डिसेंबरात आईला महेश्वरला नेलं. घाटाच्या उतारावर गाडी वळवताना माझे हात घामेजले होते. आईने ते पाहिलं असावं. मी म्हटलं, "आई, रंग राहिला गं." नर्मदेकडे बघत ती म्हणाली, "राहू दे. ब्रेक लागतो ना?"

गाडी विकायचा विषय तिने अजून काढलेला नाही.