‘कर’ आहे म्हणून डर आहे

बँकेतल्या माणसाला माणसं नावानं कळत नाहीत, सहीनं कळतात. यवतमाळच्या आमच्या शाखेत वीस वर्षं कौंटरवर बसून मी एवढंच शिकलो. समोरचा गृहस्थ ‘अहो, मी तुमच्या शेजारीच राहतो’ म्हणाला, तरी माझी नजर आधी नमुन्याच्या सहीकडे जाते. या कर्तव्यदक्षतेपायी एकदा मी एका बाईंची पैसे काढायची स्लिप ‘सही जुळत नाही’ म्हणून परत केली. त्या बाई म्हणजे आमची सौ. होती. त्या दिवशी घरी जेवणात काय होतं ते सांगत नाही. काय नव्हतं ते सांगतो. मीठ.

तर आमचं आडनाव पिंपळगावकर. इंग्रजीत तेरा अक्षरं. फॉर्मवरचे चौकोन संपतात, पण आडनाव संपत नाही. आधार कार्डावर आमच्या गावात एक ‘डब्ल्यू’ राहतो. पॅन कार्डावर त्याच जागी ‘ओ’ आणि ‘एन’ अशी जोडी नांदते. ज्या कारणासाठी मी रोज दहा लोकांना ‘आधी दुरुस्त करून आणा’ म्हणून पिटाळतो, त्या कारणासाठी खरं तर मला स्वतःलाच पिटाळायला हवं. पण कौंटरच्या आतल्या माणसाला कोण बोलणार?

या आडनावाची भानगड सुरू झाली ती शेजारच्या चिरंजीवांमुळे. ते शिकायला ग्लासगोला गेले आणि सुट्टीत येताना सगळं स्कॉटलंड डोक्यात भरून घेऊन आले.

‘‘काका, तिकडे कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून माणसं आपल्या आडनावाचं मूळ शोधायला येतात!’’

मी म्हटलं, ‘‘हरवलं कसं होतं?’’

तेव्हा कळलं, की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटल्या. डोंगराळ भागातली कुटुंबंच्या कुटुंबं त्यांनी जमिनीवरून उठवली. ती जहाजांत बसून समुद्रापार गेली. बरोबर नेता आलं ते आडनाव. ‘मॅक’ म्हणजे मुलगा; मॅकडोनल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. कॅम्पबेल म्हणजे मुळात वाकड्या तोंडाचा आणि कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा. हे ऐकून मला फार बरं वाटलं. काळे, बोबडे आणि टकले ही आडनावं लावणारे आपण जगात एकटे नाही.

‘‘आणि काका, तुमचं मूळ कुठलं?’’

‘‘सोपं आहे. पिंपळगाव.’’

‘‘कुठलं पिंपळगाव?’’

इथे माझी विकेट गेली. नाशिककडे पिंपळगाव बसवंत आहे. जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे. बुलढाण्यात पिंपळगाव राजा आहे, तिथेच पिंपळगाव काळेही आहे. बरं, पिंपळाला उगवायला भिंतीची फटसुद्धा पुरते. मग गावाला काय तोटा? सगळी पिंपळगावं मोजायची म्हणजे मार्चएंडला लेजर जुळवण्यापैकी काम.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये मी विषय काढला. आमचे हेडकॅशिअर ‘वार’ गोत्रातले. म्हणजे त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘वार’ आहे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या पट्ट्यात अशी आडनावं पोत्यानं सापडतात. ते म्हणाले, ‘‘आमचं बरं आहे बुवा. तेलुगूत ‘वारु’ म्हणजे आदरानं ‘ती मंडळी’. पूर्वज पैनगंगेपलीकडून आले, एवढं आडनावच सांगतं.’’ घरी चार पिढ्या मराठी बोलतात, पण आडनावात अजून तेलुगू मुक्कामाला आहे. देशमुख, देशपांडे, चिटणीस यांचंही बरं. वतनं गेली, दप्तरं गेली, पाट्या राहिल्या.

एवढ्यात पीककर्जाच्या रांगेतले एक म्हातारबुवा पुढे झाले. ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका पिंपळगावचे. मी उत्साहानं विचारलं, ‘‘बाबाजी, तुमच्या गावात पिंपळगावकर किती घरं?’’

‘‘एकबी नाही जी.’’

‘‘असं कसं?’’

‘‘आता पाहा साहेब, गावात राह्यते त्याले गावाच्या नावानं कायले हाका मारन? आमी राऊत, ठाकरे, जाधव. जो गाव सोडून गेला, तोच पिंपळगावकर!’’

मी बी. कॉम. झालो, बँकेच्या परीक्षा दिल्या, पण इतका स्वच्छ ताळेबंद मला कोणी मांडून दाखवला नव्हता. ‘कर’ म्हणजे राहणारा असं मी समजत होतो. ‘कर’ म्हणजे निघून गेलेला! दारव्हेकर दारव्ह्यात कशाला शोधायचे? ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे म्हणूनच आपल्याला ठाऊक. कोकणातले बेने इस्राएल घ्या. पेणकर, रोहेकर, किहीमकर. 1948 साली इस्राएल झाल्यानंतर त्यांच्यातले हजारो तिकडे गेले आणि पेण, रोहे, किहीम ही गावं भूमध्य समुद्राच्या काठी जाऊन राहिली. माणूस गाव सोडतो, पण गाव माणसाला सोडत नाही. इतर करांत निदान काही सूट तरी मिळते. हा ‘कर’ पिढ्यान्‌पिढ्या भरावा लागतो.

आणि आमच्या यवतमाळनं तरी नावाच्या बाबतीत कुठे स्थैर्य दाखवलंय? अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त हे योत-लोहारा आहे. लोहारा अजून शेजारी आहे; योतचं यवत झालं, महालाचा माळ झाला. जिल्ह्याचं नाव तर 1905 पर्यंत ‘वणी’ होतं. त्या गावाला केवायसीला बोलावलं, तर मी नक्की परत पाठवीन.

मागच्या वर्षी वडील गेले. अस्थी घेऊन आम्ही दोघं नाशिकला गेलो. रामकुंडावर विधी झाल्यावर उपाध्यायांनी आडनाव विचारलं आणि लांबलचक वह्यांची चळत काढली. अर्ध्या तासानं एका पानावर त्यांचं बोट थांबलं. शके 1832. म्हणजे 1910. ‘राहणार पिंपळगाव, हल्ली मुक्काम दारव्हा.’ खाली माझ्या पणजोबांची मोडी सही.

मला मोडी वाचता येत नाही. पण सही वाचावी लागत नाही, ओळखावी लागते. सहीखाली डावीकडून निघालेली एक रेघ होती, शेवटी वर उचललेली, आणि तिच्याखाली दोन टिंबं. वडील अशीच रेघ ओढायचे. लहानपणी त्यांच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीची नक्कल करता करता ती माझ्या हातात आली. वीस वर्षांत इतकी तंतोतंत जुळलेली सही मी पाहिली नव्हती. डोळ्यांत काहीतरी गेलं. गोदावरीकाठी वारा फार असतो.

कुठलं पिंपळगाव, ते मात्र पणजोबांनी लिहिलंच नव्हतं. त्यांना त्याची गरज वाटली नसावी. त्यांच्या लेखी जगात पिंपळगाव एकच होतं.

उपाध्यायांनी नवी नोंद करायला घेतली. माझं नाव, मुलांची नावं. मग ‘पत्नी?’ म्हणून विचारलं. मी सौ.चं नाव सांगितलं. ती हळूच म्हणाली, ‘‘हे सासूबाईंनी ठेवलेलं आहे.’’

परतीच्या गाडीत मी शके 1832 चंच पुराण लावलं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘अहो, तुमचं एक गाव हरवलं, तर शंभर वर्षांनी वहीत सापडलं. माझं नाव-आडनाव दोन्ही एका संध्याकाळी गेली. ती कोणत्या वहीत शोधायची?’’

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कारण तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नवं नाव मीच लिहिलं होतं. वर शुद्धलेखनाची चूकही केली होती, त्यावर सगळा मांडव हसला होता. ती हसली होती की नाही, हे पाहायचं राहून गेलं.

आणि मग ती परत केलेली स्लिप आठवली. सही जुळत नव्हती, कारण घाईत तिनं पहिलं अक्षर लग्नाआधीच्या नावाचं काढलं होतं.

परवा सौ.च्या खात्याचे कागद नव्यानं करायचे होते. मी म्हटलं, ‘‘सही कशी करायची ते खातेदारानं ठरवायचं असतं. बँकेला फक्त ती दरवेळी सारखी हवी.’’ तिनं माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि चौकोनात सही केली. एकदाही न अडखळता. इतकी वर्षं सराव नसताना अक्षर असं वळणदार, की मी नुसता पाहत राहिलो.

काय सही केली म्हणता? ते सांगता येणार नाही. खातेदाराच्या सहीचा नमुना बाहेर कोणाला दाखवायचा नसतो. नोकरीचा प्रश्न आहे. शिवाय जेवणात मीठही हवं.