तीर्थनच्या काठी रिकामी पिशवी

सुटी म्हटली की हिमाचल आणि हिमाचल म्हटले की मनाली, हे समीकरण आता पक्के झाले आहे. मंडीकडून येणाऱ्या गाड्या औटजवळच्या लांबलचक बोगद्यात शिरतात आणि पलीकडे निघून कुल्लूच्या शाली नि मनालीच्या गर्दीकडे धावू लागतात. पण बोगद्यात न शिरता अलीकडेच बाजूच्या रस्त्याला वळणारेही काही जण असतात. त्यांच्या सामानात एखादी लांबट कापडी पिशवी दिसली, तर खुशाल समजावे, की ही मंडळी तीर्थनच्या खोऱ्यात ट्राउट मासा धरायला निघाली आहेत. निदान तसा त्यांचा समज असतो.

वाटेत लारजी लागते. सैंज आणि तीर्थन या दोन नद्यांचे पाणी इथे बियासला मिळते. हे ठिकाण एकेकाळी गळ टाकणाऱ्यांच्या फार आवडीचे. आता तिथे १२६ मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे आणि बांधामागचे पाणी हिरवट, गपगार पडलेले दिसते. पुढे रस्ता तीर्थनच्या काठाने बंजारकडे चढू लागला, की मात्र नदीचा आवाज परत कानावर येतो. बंजारहून दहाएक किलोमीटरवर गुशैनी गाव. देवदाराचे उतार, पाटीच्या दगडांची छपरे, आणि खाली धोंड्यांवरून फेसाळत जाणारे इतके स्वच्छ पाणी, की तळाचा एकेक गोटा मोजावा.

या पाण्याला पाहून कोकणातला माणूस हमखास फसतो. लहानपणी त्याने खाडीवर तंगूस टाकून कोळंबीच्या आमिषावर मासे काढलेले असतात. गळ सोडायचा, बांधावर बसायचे, दोरा हलला की ओढायचा, एवढे त्याला ठाऊक. इथे बसून काही होत नाही. ट्राउट वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या धोंड्याच्या आडोशाला उभा असतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून गळवाल्याने खालून वर, नदीच्या कडेकडेने चालत जायचे, प्रत्येक धोंड्यामागच्या संथ पाण्यात चमकणारा स्पिनर किंवा पिसांची खोटी माशी अचूक टाकायची आणि चटकन पुढे सरकायचे. पाण्यावर सावली पडली, दगडावर बूट वाजला, की मासा दिसेनासा होतो.

पहिला तास बहुधा असाच जातो. स्पिनर दगडांच्या फटीत अडकतो, दोरा तुटतो, बाजारातून हौसेने आणलेला स्पिनर नदीच्या मालकीचा होतो. दुसरा झुडपात अडकतो. काठावर बसलेली मुले सुरुवातीला ‘‘बाबा, लागला का?’’ असे दर पाच मिनिटांनी विचारतात. नंतर दगड रचून धरण बांधू लागतात. बायकोने सोबत आणलेली कादंबरी अर्धी होते. परवाना खिशात असतो, आणि त्यावर दिवसाला जास्तीत जास्त सहा मासे धरण्याची मुभा असते. ही सहाची मर्यादा पाळणे अवघड जाईल की काय, अशी सकाळी वाटलेली काळजी दुपारपर्यंत आपोआप मिटते!

मे महिन्यात तर नदीच आड येते. दिवसा ऊन तापले, की वरचे बर्फ वितळते आणि दुपारनंतर पाणी वाढते, गढूळ होते. पावसाळ्यात विचारायलाच नको. म्हणून मार्च ते जून आणि पावसानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हेच दिवस खरे. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर विणीचा काळ म्हणून ट्राउटची शिकार बंद असते. थोडक्यात, सुटी आपल्याला मिळाली म्हणून माशालाही सवड असेल असे नाही.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी एवढी पायपीट, तो मासा या मातीतला नव्हेच. साहेबाला हिंदुस्थानात आल्यावर आपल्याकडच्या नद्यांची आठवण येऊ लागली आणि त्याने ट्राउटची अंडी बोटीने मागवली. काश्मीरसाठी आलेली पहिली खेप वाटेतच खराब झाली. त्यानंतरची अंडी १९०० च्या सुमारास जगली. त्याच काश्मीरहून १९०९ मध्ये कुल्लूत अंडी आणली गेली. तेव्हाचे तिथले इंग्रज अधिकारी हॉवेल यांनी महिली येथे उबवणी केंद्र काढले आणि पिल्ले नद्यांत सोडली. अंगावर लाल ठिपके असलेला तपकिरी ट्राउट खोऱ्यात रुजला. बाजूला गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट पुढे आला. त्याच्या शेतीला १९९० च्या आसपास पतलीकुहल येथे नॉर्वेच्या मदतीने चांगलाच जोर आला.

परक्या माशाने इथल्या मूळच्या थंड पाण्यातल्या माशांची जागा बळकावली, अशी तक्रार मत्स्यशास्त्रज्ञ करतात आणि ती खोटी नाही. पण याच परक्याने तीर्थनवर एक उपकारही केला. या नदीवर छोटे छोटे वीजप्रकल्प उभे करायचे ठरले, तेव्हा खोऱ्यातली गावे विरोधात उभी राहिली. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यांच्या पुढे होते. नदी नळात घातली तर ट्राउट राहणार नाही, आणि ट्राउट गेला तर पाहुणा कशाला येईल, हा त्यांचा रोकडा सवाल होता. सरकारने प्रकल्प रद्द केले. वाद उच्च न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये तिथेही नदीच्याच बाजूने निकाल लागला. लारजीचे हिरवे पाणी पाहून आलेल्याला या निकालाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. नदीचा उगम ज्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या उद्यानाच्या हद्दीत मात्र गळ टाकायचा नाही.

कोर्टात जिंकलेली नदी पुरापुढे मात्र कुणाचेच ऐकत नाही. १९९५ चा पूर कुल्लूतली जुनी माणसे अजून सांगतात. जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात पाण्याने रस्ते, पूल, घरे नेली. असा लोंढा येऊन गेला, की ओळखीचे डोह भरून जातात, धोंडे जागा सोडतात आणि गळवाल्याची वर्षानुवर्षांची माहिती एका रात्रीत रद्द होते. मग त्यालाही नवख्यासारखे पुन्हा पहिल्यापासून नदी शिकावी लागते.

संध्याकाळी ऊन डोंगरावर सरकले, की पाण्यावर किडे उडू लागतात. हीच खरी वेळ. सात-आठ तास वाया गेलेल्या माणसाचा दोरा एकाएकी ताणला जातो, रीळ करकरते, काठी वाकते. पाण्यातून चंदेरी-तपकिरी काहीतरी उसळते. मुले धरण सोडून धावत येतात. ‘‘ओढा, ओढा!’’ असा एकच गलका होतो आणि तो ऐकून घाईघाईने ओढले, की गळ सुटतो. लागला तरी बऱ्याचदा तो वीतभर असतो. ठरलेल्या मापाहून लहान मासा ओल्या हातात धरून, हळूच पाण्यात सोडून द्यावा लागतो. क्षणभर तो हातातच थांबतो, कल्ले हलवतो आणि निघून जातो. मुलांच्या लक्षात राहतो तो हाच मासा.

रात्री घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी ताटात ट्राउट असतोच. मोहरीच्या तेलात कुरकुरीत तळलेला, वर लिंबू. तो नदीतला नसतो. गावातल्या सिमेंटच्या हौदांत, नदीचेच थंड पाणी खेळवून वाढवलेला असतो. यजमानीणबाई तसे सांगूनही टाकतात. पाहुणा काटे काढत मान डोलावतो. काट्यांची तशी भीती नाही, मधला कणा उचलला की बरेचसे काम होते. बायको विचारते, ‘‘हौदातलाच खायचा होता, तर दिवसभर नदीत पाय कशाला गारठवले?’’ त्याच्यापाशी उत्तर नसते.

पहाटे साडेपाचला अंधारात बॅटरीच्या उजेडात तो ओले बूट शोधत असतो. पांघरुणातून आवाज येतो, ‘‘आजही नाही लागला तर?’’

‘‘काल चुकीच्या काठावर उभा होतो,’’ तो नाडी बांधत म्हणतो आणि दार हळूच लोटून घेतो.