कंबर त्याने झिजत नाही

पारोळा

चि. छोटीस मावशीचे आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. तुमच्या घरात फोनवर मोकळं बोलायला आडोसा नाही, म्हणून कागदावर लिहितेय. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी दोनदा वाच.

‘अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, कोणती गोळी घेऊ’ असं विचारलंस. गोळीचं नाव मी सांगणार नाही. सगळी नोकरी नर्स म्हणून झाली, तरी न तपासता गोळी सांगायची सवय मी लावून घेतली नाही. तो धंदा मेडिकलवाल्यांकडे राहू दे.

आधी हे समजून घे की पांढरं जाणं हा आजारच नव्हे. पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगावरून थोडं जातंच. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर बीज सुटतं, तेव्हा ते पारदर्शक आणि तार सुटेल असं चिकट होतं. पुढे दाट, पांढरट होतं. गरोदरपणी वाढतं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू कायम वस्तीला असतात. ते आम्ल तयार करतात आणि बाहेरच्या जंतूंना थारा देत नाहीत. डेटॉलचं नाही तर तुरटीचं पाणी आत मारलं की आधी तेच मरतात. बाहेरून साध्या पाण्याने धुतलंस की पुरे.

आता कंबर. ‘हाडं झिजून पांढरं जातं’ हे तुझ्या आजीपासून आपण सगळ्या ऐकत आलो. हाडाचा कणही त्या वाटेने बाहेर पडत नाही, बाई. थकवा खरा आहे, पण त्याचं मूळ बहुधा रक्तात असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यात दिवसभर वाकून कापूस वेचायचा, मग कंबर धरणार नाही तर काय होईल? पण या समजुतीपायी धडधाकट पोरी टॉनिकच्या बाटल्या रिचवतात, आणि जिला खरोखर जंतुसंसर्ग झालाय ती ‘बायकांचं असंच असतं’ म्हणत अंगावर काढते.

किती जणी काढतात, ते गडचिरोलीत मोजलं गेलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. काही तक्रार नाही म्हणणाऱ्यांतही आजार सापडले. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एवढाच हिशेब धरणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. आपल्या खानदेशात त्या वेळी कुणी असं मोजलं असतं, तर आकडा फार वेगळा आला असता असं मला वाटत नाही.

म्हणून नेहमीपेक्षा काय बदललं, ते बघ. दह्याच्या गुठळ्यांसारखं जात असेल, भयंकर खाज आणि आग होत असेल, तर बहुधा बुरशी. ती अँटिबायोटिकनंतर होते, गरोदरपणी होते, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासायची. पातळ, करडं जात असेल आणि मासळीसारखा वास, तोही नवऱ्याजवळ गेल्यावर जास्त, तर आतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. त्यात खाज बहुतेक नसते. पिवळं-हिरवं, फेसाळ आणि खाज असलेलं ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचं असू शकतं. ते संबंधातून पसरतं. तिथे दोघांनीही औषध घ्यायचं आणि उपचार पुरे होईपर्यंत लांब राहायचं, नाही तर तोच आजार घरातल्या घरात फिरत राहतो. पहिली दोन दुखणी मात्र कुणाच्या वाईट चालीची खूण नव्हेत, हे घरात ठणकावून सांग.

हे वाचून स्वतःच निदान करू नकोस. लक्षणं एकमेकांत मिसळतात, डॉक्टरसुद्धा नुसतं ऐकून चुकतात. ‘खाजेची ट्यूब’ तर अजिबात लावू नकोस. त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी आणखी पसरते.

तुझं दुखणं चार दिवस थांबू शकेल. पण ताप आला, ओटीपोटात कळा आल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ; संसर्ग गर्भाशयातून नळ्यांपर्यंत गेला तर पुढे मूल राहायला अडचण येते. गरोदर बाईचं अचानक पाण्यासारखं जाऊ लागलं, तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही. लहान मुलीच्या चड्डीला डाग दिसले तर तिच्यावर न ओरडता तिला दाखवून आण.

आणि मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंस, ‘सासूबाईंनाही अधूनमधून लालसर, घाण वासाचं जातं, त्या म्हणतात वयामुळे.’ त्यांची पाळी जाऊन किती वर्षं झाली, तुलाच ठाऊक. छोटी, मला काळजी तुझी नाही, त्यांची आहे. पाळी बंद झाल्यावर एकदा जरी रक्ताचा डाग दिसला तरी तपासायचंच. पुष्कळदा कातडी कोरडी, पातळ झाल्यामुळे तसं होतं. पण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही असाच दिसतो, आणि तो वेळेत सापडला तर बरा होतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरमधलं आम्ल लावून गर्भाशयाचं तोंड बघितलं, एवढ्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची ही तपासणी सरकारी दवाखान्यांच्या कार्यक्रमात आहे. पण सासूबाईंना आता लक्षणच आहे, तेव्हा त्यांना नुसती ती तपासणी नाही, स्त्रीरोगतज्ज्ञच लागेल.

दोघी पारोळ्याला या. पाळीचे दिवस सोडून ये, आदल्या दिवशी आत काही धुवू नकोस, कुठली गोळी आत ठेवू नकोस. शेवटची पाळी कधी आली आणि आजवर कोणती औषधं घेतलीस, ते चिठ्ठीवर लिहून आण. आपल्या कुटीर रुग्णालयात मी बरोबर येईन. लेडी डॉक्टर हवी म्हणून मीच बोलेन, तुला बोलावं लागणार नाही. पुढच्या तपासण्या निघाल्या तर धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. सासूबाई ‘मला काय झालंय’ म्हणतील. त्यांना सांग, सुनेला एकटीला पाठवणं बरं दिसत नाही. याच आठवड्यात या.

तुझी,
मावशी