हाजींना जेवू घालणारे आमचे दादा

कोकणातल्या मुस्लिम घरांत ‘जहाजावर असणे’ हा एकेकाळी रोजच्या बोलण्यातला शब्द होता. कोणाचे वडील शेतावर, कोणाचे दुकानावर, तसे आमचे आजोबा जहाजावर. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. आमचे पाली गाव काही समुद्रकाठचे नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता जिथे फुटतो, तिथले हे गाव. आजूबाजूला भातखाचरे, आंबा आणि काजू. पण आमच्या घराची चूल पेटायची ती दर्यावरून आलेल्या मनीऑर्डरीवर.

दादा मुघल लाइनच्या हाजी जहाजांवर भंडारी होते. जहाजावर डेकच्या खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा टिंडेल आणि स्वयंपाकी तो भंडारी. १९५० साली ते कामाला लागले आणि १९८३ साली निवृत्त झाले. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते, म्हणून हजचा मोसम सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. दादांच्या पहिल्या वर्षी हज सप्टेंबरात आला होता आणि शेवटच्या वर्षीही सप्टेंबरातच. एक अख्खा फेरा त्यांनी भटारखान्यात उभे राहून पाहिला.

१९५७-५८च्या सुमारास हज जून-जुलैत पडे. म्हणजे फेऱ्या ऐन पावसाळ्यात. दादा सांगत, देग अर्धीच भरायची, पूर्ण भरली तर लाटेबरोबर सालन अंगावर येते. मुंबईहून जिद्दा गाठायला आठवडा-दहा दिवस लागत. म्हाताऱ्या हाजींना दर्या लागायचा, अन्न ठरत नसे. त्यांच्यासाठी दादा आपल्या कोकणी पद्धतीची पेज करून ठेवत. यलमलमच्या समोर जहाज आले की भोंगा वाजे. लोक एहराम बांधत, लब्बैकचा आवाज उठे. दादा तेव्हाही चुलीसमोर असत. “सगळे रडायचे, आणि मी कांदा चिरत रडायचो,” असे म्हणून ते हसत.

वर्षातले आठ-नऊ महिने ते घराबाहेर. मुंबईत उतरले की डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीवर मुक्काम. तिथून घरी पत्र आणि पैसे. दादीला वाचता येत नव्हते, मोहल्ल्यातले मास्तर पत्र वाचून दाखवत. पत्रात खुशाली एका ओळीची, बाकी सगळे प्रश्न : पागोळ्यांखालची भिंत शाकारली का, धाकटीचा खोकला गेला का, कलमांना शेणखत घातले का. दूर राहूनही घरात कसे असावे, हे त्या पत्रांतून आम्हाला कळले. रजेवर आले की पहिल्या दिवशी स्वयंपाक त्यांचाच. दादीने चुलीजवळ यायचे नाही.

एवढ्या फेऱ्या करूनही दादांचा स्वतःचा हज झाला नव्हता, हे ऐकून लोकांना नवल वाटते. एक तुकडी उतरवली की जहाज दुसरीला आणायला फिरे. काही साथीदारांचे जमले, दादांच्या पाळीला ते कधी जुळले नाही. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हजची रक्कम वेगळी काढली. एका जुन्या वहीत तिचा हिशेब होता.

१९९९ साली आम्हा दोघा भावंडांना बी.एड.ला प्रवेश मिळाला. त्या वर्षी घरात पैसा नव्हता. दादांनी ती वही काढली आणि फी भरली. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. हज आधी, बाकी सगळे नंतर, असे त्यांचे म्हणणे, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. दादा एवढेच बोलले, “नियत मोडलेली नाही. पोरं कमावती झाली की मी निघतो.” आम्ही नोकरीला लागलो, दरमहा रक्कम परत टाकू लागलो. वही पुन्हा भरत आली होती. २००४ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, फजरच्या नमाजनंतर त्यांचा इंतकाल झाला.

मग खरा प्रश्न आला. आम्ही आलिमांना विचारले. आपण कोकणी बहुतेक शाफई. ऐपत आली की हज फर्ज होतो, नियत ठेवून तो पुढे ढकलता येतो. मात्र तो न करताच माणूस गेला, तर त्याच्या मालमत्तेतून हज-ए-बदल करवून घ्यावा लागतो. कर्ज जसे वाटणीआधी फेडतात तसेच हे. आणि बदल करणाऱ्याने आपला हज आधी केलेला असला पाहिजे. वहीतली रक्कम अपुरी होती. धाकट्या चाचांना घर बांधायला वाटणी लगेच हवी होती, त्यांचीही अडचण खरी होती. बरेच दिवस घरात बोलणे तुटक झाले. अखेर दादीने सगळ्यांना बसवले आणि म्हणाली, “त्यांनी कोणाचे एक पैशाचे देणे ठेवले नाही. अल्लाहचे ठेवायचे का?” कलमांचे दोन मोसमांचे उत्पन्न बाजूला काढले. हज करून आलेल्या थोरल्या चाचांनी २००७ साली दादांच्या नावे हज अदा केला. वाटण्या त्यानंतर झाल्या. धाकट्या चाचांचे घरही झाले.

दादांची फी वाया गेली नाही, एवढे आम्ही अदबीने म्हणू शकतो. आमच्या वर्गांतून आजवर शेकडो मुले शिकून गेली. त्यातला सवाब दादांनाही पोहोचत असेल, अशी आम्ही उमेद धरतो. पण त्या भरवशावर त्यांचा फर्ज हज आम्ही सोडून दिला असता, तर ते दादांनाच आवडले नसते. शिक्षण हे शिक्षणाच्या जागी आणि फर्ज फर्जाच्या जागी, हा त्यांचाच हिशेब.

समुद्रमार्गे हजला जाणे १९९५ साली बंद झाले. ती जहाजे आता नाहीत, त्यांवर राबलेले हातही एकेक करून चालले आहेत. ज्यांच्या घरी असे कोणी वडीलधारे असतील त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आणि त्यांच्यावर कोणते देणे, कोणता फर्ज बाकी आहे, हे त्यांच्या हयातीतच मायेने विचारून ठेवावे.

अल्लाह दादांची मगफिरत करो, आणि ज्यांना त्यांनी वाटेत जेवू घातले त्या सगळ्यांचे हज कबूल करो. आमीन.