सोन्याचा मुलामा, भाडेपट्ट्याची जमीन

म्हैसूरहून हुणसूर, पिरियापट्टण मागे टाकत मडिकेरीकडे निघालेली बस कुशलनगरच्या थोडं अलीकडे बैलकुप्प्याला थांबते. फाट्यावरून रिक्षा आत वळली की पाट्यांवर कन्नडच्या जोडीला तिबेटी अक्षरं दिसू लागतात. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मधूनच वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका. शेतं संपतात तिथे एकदम नामड्रोलिंग मठाची सोनेरी शिखरं समोर येतात.

१९९९ मध्ये खुल्या झालेल्या सुवर्णमंदिरात सोन्याचा मुलामा दिलेल्या तीन भव्य तांब्याच्या मूर्ती आहेत : मधोमध बुद्ध, दोन बाजूंना पद्मसंभव आणि अमितायुस. भिंती चित्रांनी भरलेल्या आणि जमिनीवर भिक्खूंच्या बैठकांच्या लांबच लांब रांगा. तिबेटी धर्मगुरू पेनोर रिनपोछे यांनी १९६३ मध्ये हा मठ सुरू केला, तेव्हा देऊळ होतं बांबूचं आणि भिक्खू मूठभर. तिथून इथवरच्या प्रवासात तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, अमेरिका अशा दूरदूरच्या भक्तांच्या देणग्यांचा मोठा हात आहे.

परक्या पैशाने उभी राहिलेली शहरं म्हटलं की आपल्याला आखात आठवतं. दुबईने २००२ मध्ये परदेशी लोकांना घरं विकत घ्यायची वाट मोकळी केली, २०१० मध्ये ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खुला झाला. तिथे पैसा घालणारा मालक होतो. बैलकुप्प्यात मात्र देणाऱ्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही. राहणाऱ्याच्याही नाही.

१९५९ मध्ये दलाई लामांपाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. त्यांच्या वस्तीसाठी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने इथली सुमारे ३,००० एकर जंगलजमीन दिली. थंड पठारावरून आलेल्या माणसांनी इथल्या उकाड्यात झाडं तोडली, मुळं खणली, रानहत्तींपासून पिकं राखली. आज फोटो काढून निघून जाणाऱ्या पर्यटकाला सोनं दिसतं, हे कष्ट दिसत नाहीत. आणि या गावाचा खरा पाया तोच आहे. १९६८ मध्ये पुनर्वसनाला हातभार लावायला मायराडा ही संस्था निघाली, पुढे बचतगटांच्या कामासाठी ती नावारूपाला आली. १९६९ मध्ये डिकी लारसो ही दुसरी वसाहत वसली. ल्हासाजवळ १४१९ मध्ये स्थापन झालेला सेरा मठ १९७० मध्ये इथे नव्याने उभा राहिला; बंगालमधल्या बक्सा दुआर छावणीतून आलेल्या सुमारे ३०० भिक्खूंनी तो उभारला.

शेतीवर भागेना, तेव्हा तिबेट्यांनी स्वेटरविक्रीचा हंगामी धंदा धरला. हिवाळ्यात आपल्याकडच्या शहरांत लागणारे त्यांचे स्टॉल मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळही अशीच तिबेटी वसाहत आहे.

बैलकुप्पे संरक्षित क्षेत्रात मोडतं. त्यामुळे मंदिराला देणगी देणाऱ्या परदेशी भक्तालाही इथे मुक्काम करायचा तर सरकारी परवाना काढावा लागतो. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनी २० वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद केली. त्यातून दिलासा मिळाला, मालकी नाही. वसाहतीतली तरुण पिढी आता अमेरिका, कॅनडाची वाट धरते आहे, आणि घरी पैसे तिथून येतात.