लाल वही

आजोबांच्या किराणा दुकानात लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या यायच्या. लाल कापडी बांधणी, उभट आकार, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक. दुकान बंद झालं त्या वर्षीची वही कोरीच राहिली आणि माझ्या वाट्याला आली. पुण्यात स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागले तेव्हा तिच्यातल्या जमा-नावेच्या रकान्यांत मी क्रियापदं मांडली. जमेच्या बाजूला वर्तमानकाळ, नावेला भूतकाळ. स्पॅनिशमधले भूतकाळ इतके, की पानं भराभर संपली. हिशेब चोख होता, बोलायला मात्र कोणी नव्हतं.

पुढची पानं स्पेनमधल्या सालामांकाला शिकायला जायच्या तयारीनं खाल्ली. सहा महिन्यांहून जास्त राहायचं म्हणून पोलिसांचा दाखला, त्यावर अपोस्टीलचा शिक्का, वैद्यकीय प्रमाणपत्र, भाषांतरं, विमा, बँकेतली शिल्लक. हे सगळं दमवणारं असतं खरं, पण चिकाटी असली की होतं. कागदांना आपली भीड वाटत नाही, आपल्यालाही कागदांची वाटत नाही. माणसांचं तसं नसतं.

सालामांका भाषेच्या विद्यार्थ्याला दडपून टाकतं. विद्यापीठ १२१८ सालचं. १४९२मध्ये नेब्रिहानं कास्तिलियन म्हणजेच स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण प्रसिद्ध केलं, तेही याच गावात. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक कोरलाय. तो ज्याला शोधून सापडेल तो परीक्षेत पास, असा समज आहे. माझी परीक्षा प्लाझा मायोर या मुख्य चौकाला लागून असलेल्या मंडईत होती.

ज्यांच्या घरी मी राहत होते त्या आजींनी एका सकाळी, हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून, माझ्याच वहीत तिरक्या अक्षरात यादी लिहिली: काबुली चणे, पालक, पिमेंतोन. हे शेवटचं म्हणजे धुरावलेल्या मिरच्यांचं लाल तिखट. मंडईत बघते तर गाळ्यापुढे रांग अशी नाहीच. बायका कशाही उभ्या, गप्पांत रंगलेल्या. पण नवा येणारा प्रत्येक जण हवेत एक प्रश्न सोडतो, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? एखादा हात वर होतो, "यो", म्हणजे मी. मग त्या हाताच्या मागे आपला नंबर. पुढचा माणूस आला की उत्तर द्यायची पाळी आपली. न विचारता उभं राहिलं तर दुपारपर्यंत उभं राहावं. चारचौघांत तोंड उघडल्याशिवाय तिथे चणेसुद्धा मिळत नाहीत, आणि एकदा उघडलं की शेजारची बाई पालक कसा करतेस हेही विचारते. वर्गाला नावं ठेवायची नाहीत. तिथे भूक लागलेली नसते, एवढंच.

यंदा भाची स्पेनला निघाली आहे. तिला माझ्या क्रियापदांच्या पानांचे फोटो हवे होते, ते पाठवले. पण तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. शक्यतो कुटुंबात राहा, आणि पहिले काही महिने आपल्याकडच्या मुलामुलींच्या घोळक्यापासून लांब. दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊनंतर, ही सवय इथूनच लावून घ्या. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून थांबू नका. हॅम नको, ट्यूना नको, हे एकेक नाव घेऊन सांगा. नाहीतर भाजीत हॅमचे तुकडे येतात, आणि वाढणाऱ्याला त्यात काहीही वावगं वाटत नाही.