रस्त्यापलीकडचा मुलगा

घर आणि गोल्फचे मैदान यांच्यामध्ये एक रस्ता होता, एवढेच. पण तो ओलांडून आत जायचे ते दुसऱ्यांच्या काठ्यांचे ओझे वाहायला! अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे ‘द कंट्री क्लब’समोर राहणाऱ्या फ्रान्सिस विमेटचे वडील माळीकाम करीत. गोल्फ म्हणजे वेळेची नासाडी, असे त्यांचे ठाम मत. मुलगा मात्र शाळेच्या वाटेवर हरवलेले चेंडू वेचायचा आणि घरामागे भावाबरोबर खेळायचा. पुढे क्लबात तो कॅडीचे काम करू लागला.

1913 च्या सप्टेंबरमध्ये याच मैदानावर ‘यूएस ओपन’ भरली. ब्रिटनहून हॅरी व्हार्डन आणि टेड रे आले होते. व्हार्डनने तोवर ब्रिटिश ओपन 5 वेळा जिंकलेली. फ्रान्सिस 20 वर्षांचा, खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी करणारा हौशी खेळाडू. त्याची पिशवी वाहायला कोण, तर शाळा बुडवून आलेला 10 वर्षांचा एडी लोवरी! पिशवी जवळजवळ त्याच्याएवढीच.

या खेळात फटके जितके कमी तितके चांगले. चौथ्या फेरीत फ्रान्सिस मागे पडला होता. 17 वा होल त्याच्या घरासमोरच. रस्त्यावर मोटारींचे भोंगे कर्कश वाजत होते. त्याला म्हणे ते ऐकूच आले नाहीत. चेंडू खळग्यात गेला. अखेर तिघांचेही फटके सारखे झाले, 304.

दुसऱ्या दिवशी पावसात निर्णायक फेरी. एवढ्याशा पोराऐवजी चांगला कॅडी घे, असा आग्रह झाला. फ्रान्सिसने एडीला सोडले नाही. खरे तर त्याचा मोठेपणा त्या नकारातच दिसतो. चेंडूवर नजर ठेव, हेच एडी त्याला सारखे सांगत होता. पुन्हा 17 व्या होलपाशी व्हार्डन अवघ्या एका फटक्याने मागे. त्याने धोका पत्करला आणि चेंडू वाळूत अडकला. फ्रान्सिस 72, व्हार्डन 77, रे 78! ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला हौशी खेळाडू ठरला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. एडीसाठी टोपी फिरवून पैसे जमवले. एडी पुढे मोटारींच्या धंद्यात श्रीमंत झाला, पण मैत्री तशीच राहिली. 1967 मध्ये फ्रान्सिस वारले, तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत एडीही होता.